दोन आरशांतली खोली

एका हातात पेन घ्या, दुसऱ्या हातात त्याचं टोपण. दोन्ही हात पुढे ताणा, एक डोळा मिटा आणि टोपण बाजूने आणून झटकन पेनावर बसवा. बहुतेकांचं टोपण पहिल्या खेपेला पेनाच्या अलीकडून नाहीतर पलीकडून निघून जातं. आता दुसरा डोळा उघडा आणि पुन्हा करा. टोपण बसतं.

डोळ्याच्या पडद्यावर उमटणारं चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरइतकंच सपाट असतं. त्यात लांबी-रुंदी आहे, खोली नाही. ती मेंदू तयार करतो, दर क्षणी, आपल्याला न विचारता. हे मी पुस्तकात अनेकदा वाचलं होतं, पण पटलं ते दोन आरसे आणि दोन फोटो घेऊन टेबलाशी बसलो तेव्हाच. म्हणून इथे कृतीच सांगतो. एक रविवार काढा. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला जोडीला घ्या. पुढे एका पायरीला दोन माणसं लागतातच.

लागणारं सामान असं: मळलेल्या कणकेचा एक गोळा, मोबाइल, फोटोंच्या चार-सहा प्रिंट, चौकटींची गणिताची वही, एक रुपयाचं नाणं, काळं स्केचपेन, साधारण पासष्ट सेंटिमीटर लांबीची फळी किंवा जाड पुठ्ठा, गुण्या, चिकटपट्टी, आणि जत्रेत मिळतो तसला मुलांचा एक मुखवटा. आरसे मात्र बाजारातले तयार घेऊ नका. फोटोफ्रेम करून देणाऱ्या दुकानातून एकाच काचेचे दोन तुकडे कापून घ्या, रुंदी आठ आणि उंची दहा सेंटिमीटर, आणि कडा तिथेच घासून घ्या. हे आरसे नाकाजवळ येणार आहेत, धारदार कड चालणार नाही.

सुरुवात कणकेपासून करा. गोळा ताटात थापून पोळीपेक्षा चांगला जाड चौकोन करा. त्याच्या अर्ध्या भागात अंगठ्याने सात-आठ खळगे दाबा आणि उरलेल्या अर्ध्या भागावर तेवढ्याच आकाराच्या अर्धगोल गोळ्या चिकटवा. खोलीतले दिवे बंद करून ताट खिडकीजवळ ठेवा. उजेड एकाच बाजूने, तिरपा यायला हवा. मोबाइल बरोबर वरून धरून फोटो काढा, मात्र उजेड फोटोच्या वरच्या कडेकडून येईल अशा बेताने. मग मोबाइलचं ऑटो-रोटेट बंद करा, नाहीतर पुढची सगळी गंमत जाईल, आणि फोटो उलटा धरा, डोकं खाली पाय वर.

खळग्यांच्या गोळ्या झालेल्या दिसतील आणि गोळ्यांचे खळगे. कणीक तुम्हीच थापली, खळगे तुमच्याच अंगठ्याचे, तरी डोळ्यांना ते टेंगळासारखे दिसतील, आणि ‘हे खळगे आहेत’ असं मनाशी कितीही घोकलं तरी सहसा बदलणार नाहीत.

याचं कारण मेंदूचं एक जुनं गृहीत आहे: उजेड वरून येतो. लाखो वर्षं सूर्य डोक्यावरच होता, त्यामुळे ते बहुतेक वेळा बरोबर ठरतं. वरची कड उजळ आणि खालची काळसर असेल तर वस्तू उंच. उलट असेल तर खोल. आता फोटो आडवा धरा, म्हणजे उजेड डावीकडून किंवा उजवीकडून आला असं होईल. मेंदू आता कचरतो. आकार कधी वर येतात, कधी आत जातात. आणि बदलतात तेव्हा सहसा सगळे एकदम बदलतात, सुटे सुटे नाही. चेन्नईत वैद्यकशास्त्र शिकलेले आणि पुढे कॅलिफोर्नियात काम केलेले विलायनूर रामचंद्रन यांनी १९८८ साली नेमकं हेच मांडलं: उजेड वरून येतो एवढंच मेंदू धरून चालत नाही, सगळ्या चित्राला एकच दिवा आहे असंही धरून चालतो. एक सूर्य, एक आकाश. उजेडाची बाजू एकदा ठरली की सारखी छाया असलेले आकार तो आपोआप एका गटात घालतो. फोटो पुन्हा उभा धरून पाहा. गोळ्यांचा एक घोळका आणि खळग्यांचा दुसरा, असे दोन भाग मोजायच्या आधीच वेगळे होतात.

एका डोळ्यालाही खोलीचा अंदाज देणाऱ्या आणखी खुणा आहेत. पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबचा डोंगर निळसर दिसतो, एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब मागे पळतात आणि चंद्र आपल्याबरोबर चालतो. चित्रकार त्यातल्या बऱ्याचशा वापरतात. पण टोपण बसवताना जी खूण कामाला आली ती वेगळी आहे, आणि पुढची सगळी खटपट तिच्यासाठी आहे.

अंगठा नाकासमोर धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोन्ही डोळ्यांना जग जरासं वेगळं दिसतं. हा फरक माणसाला फार पूर्वीपासून माहीत होता. पण तो दोष नसून खोली दिसण्याचं साधन आहे, हे दाखवून दिलं चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८३८ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे. त्यासाठी त्याने जे उपकरण केलं तेच आपण आता करणार आहोत. त्याच्याकडे फोटो नव्हते, फोटोग्राफी जगजाहीर झाली ती पुढच्या वर्षी. त्याने नुसत्या रेघांची चित्रं काढली, आणि ते सोयीचंच ठरलं. रेघांना छाया नसते. कणकेच्या गोळ्यात आपल्याला फसवणारी खूण त्याने बाजूलाच काढली होती.

आपल्याकडे मोबाइल आहे, तेव्हा फोटो घेऊ. स्थिर दृश्य निवडा: तुळशीवृंदावन, सायकल टेकवलेली भिंत, ओसरीवरचे खांब. झाडाची पानं हलतात, मांजर उठून जातं, ती नकोत. सगळ्यात जवळची वस्तू दोन मीटरवर असावी आणि मागे काहीतरी लांबचं असावं. पाय थोडे फाकवून उभे राहा, मोबाइल आडवा धरा, सगळा भार डाव्या पायावर घ्या आणि पहिला फोटो काढा. मग कंबरेतून न वळता भार उजव्या पायावर घ्या आणि दुसरा काढा. मोबाइल सहा-सात सेंटिमीटर सरकला पाहिजे, पण वळता कामा नये. त्याचं तोंड दोन्ही वेळा समांतर आणि उंची तीच. उंची राखायला कठड्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर मोबाइल टेकवून सरकवलात तर उत्तम.

अंतराचा ठोकताळा असा: सगळ्यात जवळची वस्तू जेवढी दूर, त्याच्या तिसाव्या हिश्शाइतकं मोबाइलने सरकायचं. दोन मीटरला साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या डोळ्यांइतकंच. समोरच्या डोंगराची जोडी हवी असेल आणि डोंगर तीनशे मीटरवर असेल, तर पहिला फोटो काढून दहा मीटर चालत जा आणि दुसरा काढा. ही जोडी मी अवश्य करायला सांगेन. डोंगर त्यात दिवाळीच्या किल्ल्याएवढा दिसतो, हात घालून उचलावा असा. मेंदूला वाटतं डोळ्यांमधलं अंतर नेहमीचंच आहे. मग एवढा फरक दिसतो म्हणजे वस्तू जवळ आणि लहान असणार, हा हिशोब तो आपल्याला न कळवता करून टाकतो.

आता फोटो छापण्याआधी एक महत्त्वाचं काम. मोबाइलमध्ये फोटो सुधारायच्या सोयीत जाऊन दोन्ही फोटो डावं-उजवं उलटे करून घ्या, ‘फ्लिप’ असं बटण असतं. आरसा चित्र उलटवतो. आधीच उलटवलेलं चित्र आरशात सुलटं दिसेल. मागच्या बाजूला ‘डावा’, ‘उजवा’ असं लिहा आणि साध्या चार बाय सहा इंची प्रिंट काढून आणा.

आरसे बसवताना घाई नको. फळीच्या बरोबर मध्यावर दोन्ही आरसे उभे करा, पाठीला पाठ नव्हे, तर उघड्या पुस्तकासारखे: पुस्तकाचा कणा तुमच्याकडे, पानं पलीकडे मिटत गेलेली, आणि आरशांचे चकचकीत पृष्ठभाग बाहेरून, तुमच्याकडे. दोघांमध्ये काटकोन हवा, म्हणून पाठीमागे गुण्या लावून बघा आणि मगच चिकटपट्टीने घट्ट करा. फळीच्या दोन टोकांना, कण्यापासून तीस-तीस सेंटिमीटरवर, पुठ्ठ्याचे दोन उभे पडदे करा, एकमेकांकडे तोंड असलेले. डाव्या पडद्यावर डावा फोटो, उजव्यावर उजवा. फोटोंचा मध्य कण्याच्या बरोबर रेषेत यावा, आणि दोन्ही फोटो फळीपासून एकाच उंचीवर असावेत.

नाक कण्याजवळ न्या. डावा डोळा डाव्या आरशात, उजवा उजव्या आरशात. पहिल्यांदा दोन चित्रं एकमेकांवर चढलेली, विस्कटलेली दिसतील. घाबरू नका आणि डोळ्यांना ताणही देऊ नका. चित्र आडवं दुभंगलेलं असेल तर एक फोटो थोडा पुढे-मागे सरकवा. वर-खाली दुभंगलेलं असेल तर खालच्या फोटोखाली कागदाची घडी सरकवा. वर-खालीचा फरक डोळ्यांना फार थोडाच सहन होतो, तिथे मिलिमीटरसुद्धा बघा. मग एका क्षणी दोन्ही चित्रं एक होतात, आणि नंतर, जरा थांबून, वृंदावन भिंतीपासून सुटं होतं. मधे हवा येते. तुळशीची एक काडी दुसरीच्या पुढे येते.

हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणसं हटकून हात पुढे करतात. आरशामागे काही नाही हे माहीत असूनही करतात. मी केला होता.

खोली उलटी दिसत असेल, म्हणजे वृंदावन भिंतीत कोरलेल्या भोकासारखं आणि भिंत त्याच्या पुढे आलेली, तर फोटो उलटवायचे राहिलेत किंवा त्यांची अदलाबदल झाली आहे. माझ्या पहिल्या जोडीचं तेच झालं होतं, आणि नीट बघितल्यावर ते दृश्य मला सुलट्यापेक्षा जास्त शिकवून गेलं. छाया सांगत होती वृंदावन पुढे आहे, ते भिंतीला झाकतही होतं. तरी दोन डोळ्यांमधला फरक या सगळ्यांना गप्प करत होता. मुद्दाम फोटो बदलून हे एकदा पाहून घ्या.

आपण केलं त्या उपकरणाला स्टिरिओस्कोप म्हणतात. पुढे डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने भिंगं लावून हातात मावणारा स्टिरिओस्कोप केला, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो गाजला, आणि चित्रजोड्या घरोघर गेल्या. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी व्ह्यू-मास्टरची खटखट केली आहे, ती त्याच घराण्यातली. ‘झपाटलेला २’ या सिनेमाचा थ्रीडी चष्माही दुसरं काही करत नव्हता: डाव्या डोळ्याला डावं चित्र, उजव्याला उजवं. भूगोलाच्या आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विमानातून काढलेल्या फोटोंच्या जोड्या प्रात्यक्षिकात अजून अशाच बघाव्या लागतात.

आता वही आणि नाणं. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

वहीत चोवीस बाय चोवीस चौकटींचा चौरस आखा. जोडीदाराने नाणं उडवायचं, तुम्ही भरायचं. छापा पडला तर चौकट काळी, काटा पडला तर कोरी. एकूण ५७६ चौकटी होतात. मधेच ‘इथे काळी बरी दिसेल’ असं मनाने ठरवू नका. यात कसलंही चित्र नसणं हाच मुद्दा आहे. पूर्ण झालं की दुसऱ्या पानावर तसाच चौरस आखून सगळं हुबेहूब उतरवा, फक्त एक बदल करून: नवव्या ते सोळाव्या ओळीतला, नवव्या ते सोळाव्या स्तंभातला मधला चौकोन उचलून एक घर डावीकडे न्या. तो आता आठव्या ते पंधराव्या स्तंभात बसेल, आठव्या स्तंभातलं जुनं झाकलं जाईल, आणि सोळाव्या स्तंभात आठ चौकटी रिकाम्या राहतील. त्या नव्याने नाणं उडवून भरा.

दोन्ही पानांचे सरळ वरून फोटो काढा आणि साधारण सात सेंटिमीटर रुंदीचे, दोन्ही एकाच मापाचे छापून आणा. वहीची पानं तशीच लावली तर चौकटी फार मोठ्या होतात आणि चित्रं जुळायला त्रास होतो. हे फोटो उलटवू नका. पहिलं पान डावीकडे, दुसरं उजवीकडे लावा आणि आरशात पाहा.

सुरुवातीला नुसती काळ्या-पांढऱ्याची माती. दहा सेकंद, वीस सेकंद, कोणाला मिनिटभरही लागतं. नजर मध्यावर सैल ठेवून थांबा. मग मधला चौकोन मागे सरकतो, भिंतीतल्या कोनाड्यासारखा, कडा स्वच्छ कापलेल्या. पानांची अदलाबदल करा, आणि तोच चौकोन कागदापासून उचलला जाऊन तुमच्याकडे येतो. आता एक डोळा मिटा. चौकोन नाही. उघडा. आहे.

हा चौकोन डाव्या पानावर नाही आणि उजव्या पानावरही नाही. कोणताही एक डोळा तो बघू शकत नाही. तो जगात कुठे आहे असं कोणी विचारलं तर बघणाऱ्याच्या मेंदूत, एवढंच उत्तर आहे. बेला युलेश हा हंगेरीचा रडार-अभियंता १९५६ च्या उठावानंतर अमेरिकेत गेला आणि १९६० साली बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून असे ठिपके काढवून घेऊन त्याने हे दाखवलं. तोवर समजूत अशी होती की प्रत्येक डोळा आधी वस्तू ओळखतो, मग मेंदू दोन ओळखी जुळवतो. व्हीटस्टनने छाया काढून टाकली होती, पण रेघा ठेवल्या होत्या. युलेशने रेघाही काढल्या. ओळखण्यासारखं काही उरलंच नाही, तरी खोली दिसली. म्हणजे मेंदू आधी ठिपक्याला ठिपका जुळवतो, आणि आकार त्यातून नंतर उभा राहतो. रानातल्या ठिपक्यांत दबा धरून बसलेला प्राणी एका डोळ्याला दिसत नाही आणि दोन डोळ्यांना दिसतो, तो याच जोरावर.

तर मग दोन डोळ्यांमधला फरक सगळ्यांवर मात करतो का? तसं म्हणण्याआधी मुखवटा काढा. तो आतून एकाच फिक्या रंगाने रंगवा, खुर्चीवर आतली बाजू तुमच्याकडे करून उभा ठेवा, आणि दोन-तीन मीटर मागे जाऊन एका डोळ्याने पाहा. पोकळ बाजू तुमच्याकडे आहे, तरी नाक बाहेर आलेला भरीव चेहरा दिसेल. जरा डावी-उजवीकडे झुका. चेहरा मान वळवून तुमच्या मागे येतो. आता दुसरा डोळाही उघडा. त्या अंतरावर अनेकांना अजूनही भरीवच दिसतो. पुढे चालत गेलात की एका टप्प्यावर एकदम आत जातो. ब्रिस्टलचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी असा मुखवटा आयुष्यभर लोकांना दाखवत राहिले. नाक आत असलेला चेहरा मेंदूने जन्मात पाहिलेला नाही, म्हणून तो समोरचा पुरावा बाजूला सारून ओळखीचाच चेहरा उभा करतो. गणपतीच्या कारखान्यात भिंतीशी टेकवलेल्या रिकाम्या साच्यातून मूर्ती आपल्याकडे बघते आहे असं कधी वाटलं असेल, तर ते हेच.

सगळं झाल्यावर आरसे पुसून कापडात गुंडाळून ठेवा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. नाण्याच्या पानांतला चौकोन बाकी सगळ्यांना दिसला, फोटो नीट लावलेले आहेत, चष्मा असेल तर तो घातलेला आहे, आणि तरी घरातल्या एका मुलाला दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघूनही तो दिसत नाही, असं झालं तर ‘याचं लक्ष नाही’ म्हणून सोडून देऊ नका. एक डोळा आळशी असेल किंवा अगदी थोडा तिरळा असेल तर असं होऊ शकतं. ते मूल तक्रार करणार नाही, कारण त्याला जग पहिल्यापासून तसंच दिसत आलेलं असतं. मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा लहानपणी काही आठवडे बंद राहिला तर मेंदूतली जुळवणी कशी मोडते, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी दाखवलं. दृष्टीवरच्या या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. माणसाच्या मुलातही ही जुळवणी पक्की होण्याचा काळ लहानपणीच असतो, आणि चष्मा किंवा डोळ्यावरची पट्टी तेव्हाच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. अशा मुलाला त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.